रात्रीच्या बसमधली गाठ

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि चहाला उशीर होता. तेवढ्या वेळात मी बायांना एका जुन्या सिनेमाची गोष्ट सांगितली. चहा येऊन गार झाला तरी बोलणं थांबेना. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

सिनेमा अमेरिकेतला, १९३४ सालचा. नाव ‘इट हॅपन्ड वन नाइट’, म्हणजे एका रात्री असं घडलं. दिग्दर्शक फ्रँक काप्रा. एका श्रीमंत बापाची मुलगी, एली. तिनं बापाच्या मनाविरुद्ध एका वैमानिकाशी लग्न केलेलं. बाप तिला आपल्या बोटीवर अडकवून ठेवतो. ती सरळ समुद्रात उडी मारते, पोहत किनारा गाठते आणि न्यूयॉर्कला नवऱ्याकडे जायला रात्रीची बस धरते. बसमध्ये मागं एकच जागा रिकामी. ती जागा माझी म्हणून भांडणारा एक वार्ताहर तिथं आहे, नुकतीच नोकरी गेलेला. नाव पीटर. भांडता भांडता दोघं शेजारी बसतात.

पुढं सगळे योगायोगच. तिची बॅग चोरीला जाते. पावसानं पूल वाहून जातो, बस अडकते आणि दोघांना एकाच खोलीत रात्र काढायची वेळ येते. तो मध्ये दोरी बांधून त्यावर घोंगडी टाकतो. अलीकडं ती, पलीकडं तो. आमच्या बायांना ही घोंगडी फार आवडली. भिंतीपेक्षा घोंगडीची मर्यादा पक्की, असं एकीनं म्हटलंच.

आता तो काळ बघा. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या. १९३३ पर्यंत तिथं दर चार कामगारांत एकाला काम नव्हतं. रेल्वेपेक्षा बस स्वस्त, म्हणून गरीब माणूस बसनं जायचा. सिनेमात एक बाई भुकेनं बसमध्येच बेशुद्ध पडते, तिचं पोर रडतं, आणि एली जवळचे होते नव्हते ते पैसे त्या पोराच्या हातात देते. मग स्वतः शेतातली कच्ची गाजरं खाते. विनोदी सिनेमा आहे, पण भूक खरी आहे. मूळ कथा १९३३ साली एका मासिकात आली होती, तिचं नावच ‘नाइट बस’.

नायिकेचं काम करणारी क्लॉडेट कोलबेर हिला हा सिनेमा मुळीच आवडला नव्हता. पुढच्या वर्षी ऑस्करच्या रात्री ती समारंभ सोडून रेल्वे धरायला निघाली. बक्षीस तिलाच लागलं, तेव्हा माणसं तिला आणायला धावली. प्रवासाच्या कपड्यांतच तिनं बक्षीस घेतलं. सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा, पाचही मोठी बक्षिसं या एका सिनेमाला मिळाली. असं आधी कधीच झालं नव्हतं.

गोष्ट इथवर आली तेव्हा गटातली एक वयस्कर बाई म्हणाली, “नशिबात होतं म्हणून भेटले. गाठी वरच बांधलेल्या असतात.” तिच्या शेजारची लगेच म्हणाली, “ती घरातच बसली असती, तर नशीब काय भिंत फोडून आत आलं असतं?”

माझं मन तिथंच अडकलं. आपण योगायोग म्हणतो, पण त्याला रस्ता लागतो, गाडी लागते, हातात तिकिटापुरता पैसा लागतो. आणि बाईला एकटीनं गाडीत बसता यावं लागतं. त्याच अमेरिकेत, दक्षिणेकडच्या राज्यांत, काळ्या माणसांना बसमध्ये मागच्या बाकांवर बसवायचे. १९५५ साली माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या बाईनं गोऱ्या माणसाला जागा द्यायला नकार दिला, तर तिला अटक झाली. एली जागेसाठी भांडली तर प्रेम जुळलं. रोझाबाईंच्या वाट्याला पोलीस आले. कोण कुठं बसायचं हे जिथं जन्मावरून ठरतं, तिथं कसला योगायोग? आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही गोष्ट आपल्याकडंही आली. १९५६ साली राज कपूर आणि नर्गिसचा ‘चोरी चोरी’ तिच्यावरूनच बेतलेला, आणि १९९१ चा ‘दिल है के मानता नहीं’ सुद्धा. दोन्ही वेळा पळून जाणारी मुलगी श्रीमंताघरची. गरिबाघरच्या मुलीनं अशी बस धरली तर त्याचा विनोदी सिनेमा होत नाही, पोलीस ठाण्यात तक्रार होते.

मराठीत २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. मुंबईची मुलगी स्थळ बघायला पुण्याला येते, वाटेत एक अनोळखी मुलगा भेटतो, दिवस त्याच्याबरोबर जातो. शेवटी कळतं की बघायचं स्थळ तेच. मला हसू आलं. आपल्याकडं योगायोगसुद्धा आईवडिलांच्या पसंतीचा लागतो! पण त्यातली मुलगी एकटी आली होती, हे विसरू नका.

आपली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिल्यांदा धावली. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. आमच्या गटातली ती वयस्कर बाई लग्न होऊन एसटीनंच सासरी आली होती, सोबत दीर. त्यानंतर प्रत्येक प्रवासात कुणी ना कुणी पुरुष होताच. अर्धं तिकीट झाल्यावर ती पहिल्यांदा एकटी लेकीकडं गेली. शेजारी बसलेल्या एका परक्या बाईनं तिला बियाण्याची एक पुडी दिली. ते वाल आता आमच्या अर्ध्या गावाच्या परसात आहेत.

सिनेमाचा शेवट सांगायचा राहिला. मुलीला शोधून देणाऱ्याला बापानं दहा हजार डॉलर लावले होते. पीटर बापाकडं जातो, पण मागतो फक्त प्रवासात झालेला खर्च, ३९ डॉलर ६० सेंट. बाप ओळखतो, हा माणूस बरा. आणि भर मांडवातून तोच लेकीला पळून जायला सांगतो.

यावर गटात फूट पडली. निम्म्या म्हणाल्या, वेडा आहे, दहा हजार घ्यायचे. आमची कोषाध्यक्ष मात्र वही मिटता मिटता म्हणाली, “साठ सेंटसुद्धा लिहिले त्यानं. अशाला कर्ज द्यायला हरकत नाही.”