अपस्मार आणि चिनी वैद्यक

चालत्याबोलत्या माणसानें एकाएकीं किंकाळी फोडून कोसळावें, हातपाय झाडावे, तोंडास फेंस यावा आणि थोड्या वेळानें त्यानें भानावर येऊन उठून बसावें, हें दृश्य कोणत्याहि देशांतील मनुष्यास भयचकित करणारेंच आहे. आपण यास फेफरें म्हणतों. आपल्या वैद्यकांत यास अपस्मार असें नांव आहे. चीन देशानें या रोगाशीं दोन हजार वर्षें जो झगडा केला, त्याचा वृत्तांत आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'ह्वांगदी नैजिंग' हा ख्रिस्तपूर्व काळांतला. मूल जन्मतःच या व्याधीनें ग्रस्त कां असतें, असा प्रश्न त्यांत केला आहे. माता गरोदर असतां तिला मोठें भय वाटलें, तर शरीरांतील वायु वर चढतो, खालीं उतरत नाहीं, व तो दोष गर्भास जडतो, असें त्याचें उत्तर. उपपत्ति चुकीची खरी. परंतु या उत्तरांत भूतपिशाच्चांस स्थान नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

इ. स. ६१० मध्यें छाव युआनफांग यानें मुलांच्या अपस्मारास वारा, भय व अन्न अशीं तीन कारणें लाविलीं. त्याच शतकांत सुन सिम्याव यानें घोडा, बैल, मेंढी, डुक्कर, कुत्रा व कोंबडी अशा सहा जनावरांच्या नांवांनीं या रोगाचे प्रकार सांगितले. चिनी लोकभाषेंत आजहि यास 'मेंढीचें वेड' अशा अर्थाचा शब्द आहे.

उपचारांत टाळूवरील बिंदूस सुया टोंचीत. छंग ग्वोफंग याच्या १७३२ च्या ग्रंथांतील प्रसिद्ध गोळींत तिआनमा नांवाचा कंद, विंचू, आपल्या वेखंडाच्या जातीची एक वनस्पति आणि हिंगूळ हीं द्रव्यें आहेत. आयुर्वेदांतहि अपस्मारावर वेखंड देतात, हें साम्य कौतुकाचें आहे. हिंगूळ मात्र पारा व गंधक यांचें संयुग. दीर्घकाळ पोटांत गेल्यास त्यापासून मूत्रपिंडांस व मज्जासंस्थेस अपाय होण्याचें भय असतें.

मग या उपचारांनीं गुण येतो काय? २०१४ सालीं सुयांच्या उपचारावरील कसोट्या एकत्र तपासण्यांत आल्या, तेव्हां विश्वासार्ह पुरावा मिळाला नाहीं. उलट १९१२ पासून माहीत असलेलें फेनोबार्बिटल हें स्वस्त औषध चीनच्या खेड्यांतून २००१ नंतर २,४५५ रोग्यांस देण्यांत आलें. वर्षभर तें घेणाऱ्या दर तिघांपैकीं सुमारें दोघांचे झटके निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं आले. असें चालू औषध एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. झटक्यांमागून झटके येऊन प्राणहि जाऊं शकतो. 'आमची मुळी घ्या आणि त्या गोळ्या फेंका', असें सांगणारा कोणत्याहि देशांतला असो, त्याचें ऐकूं नये.

२०१० सालीं हाँगकाँगांत या रोगाचें चिनी नांव बदलून त्यांतील वेडाचा अर्थ काढला व मेंदूचा उल्लेख घातला. आपल्याकडेहि फेफरें येतें म्हणून मुलीचें लग्न मोडतें, मुलास शाळेंतून काढितात. औषधानें झटके थांबतील; हा कलंक मात्र आपणांसच पुसावा लागेल.