अंगात वारं भरलेली इंजिनं

आपल्याकडे टर्बो हा शब्द घरोघरी पोचला तो डिझेल गाड्यांमुळे. १९९८ साली पुण्याहून टाटा सफारी आली, २००२ साली नाशिकहून महिंद्राची स्कॉर्पिओ. त्यामुळे टर्बो म्हणजे घाट चढायला ताकद, एवढाच अर्थ आपल्या डोक्यात बसला. इथे अमेरिकेत मात्र टर्बो म्हटलं की आठवतात जुन्या पेट्रोल गाड्या, आणि त्यांची ताकद आणखी वाढवण्याचा नाद. ऍरिझोनातल्या चँडलरच्या आसपास या नादाला पोषक हवामान आहे, अगदी शब्दशः. कोरड्या हवेमुळे तीस-चाळीस वर्षं जुन्या गाड्यांचे पत्रे इथे सहसा सडत नाहीत. शिवाय गावाच्या पश्चिमेला १९८३ साली फायरबर्ड नावाचा शर्यतीचा ट्रॅक सुरू झाला, तिथे पाव मैल सरळ गाडी पळवून बघता येत असे.

पण जुन्या टर्बो गाडीची ताकद वाढवताना इंजिन फुटतं कशामुळे आणि टिकतं कशामुळे, हे समजायचं तर इतिहासात जायला हवं.

कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच शक्ती फुकट जाते. त्या धुरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंखा बसवायचा आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने याचं पेटंट १९०५ साली घेतलं. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर लिबर्टी विमान-इंजिन नेलं. समुद्रसपाटीला साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर गेलं.

मोटारीच्या शर्यतीत पहिला गाजलेला प्रयोग कमिन्स कंपनीचा. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्यांची टर्बो डिझेल गाडी सर्वांत वेगवान ठरून पहिल्या जागेवरून सुटली आणि ७१ व्या फेरीनंतर बंद पडली. कारण काय, तर ट्रॅकवरचा टायरच्या रबराचा कचरा टर्बोच्या तोंडात जाऊन हवाच अडली! (पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली ती हीच कमिन्स, १९६२ साली.) टर्बोला ताकद द्यायला शिकवणं सोपं, त्याला सांभाळणं अवघड, हा धडा इथपासून सुरू होतो.

त्याच १९६२ साली जनरल मोटर्सने टर्बो सामान्य गिऱ्हाइकाला विकला. शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्ये आणि ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये. जेटफायरचा टर्बो गॅरेट कंपनीचा. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, २१५ हॉर्सपॉवर. पण एक अडचण होती. पेट्रोल इंजिनात हवा जास्त दाबली की ती तापते, आणि ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटून स्फोट होतो. यालाच आपले मेकॅनिक 'इंजिन नॉक करतंय' म्हणतात. ही टकटक चालू राहिली तर पिस्टनला भोक पडतं. जेटफायरमध्ये टर्बो नसतानाही कॉम्प्रेशन १०.२५ इतकं जास्त होतं. त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण हवेत फवारलं जाई. त्याला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारदस्त नाव होतं. टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब कमी करणारी झडपही होती. म्हणजे इंजिनिअरांनी विचार केलाच होता. पण लोक टाकी भरत ना, आणि मग गाडी दम देईना. तक्रारी वाढल्या, पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवले गेले, आणि दोन वर्षांत मॉडेल बंद झालं.

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती एकाच इंजिनाची आहे. ब्यूकचं ३.८ लिटरचं व्ही-६. १९७८ साली त्याला टर्बो लावून ताकद मिळाली १६५ हॉर्सपॉवर. नॉकिंग ओळखून ठिणगी थोडी उशिरा टाकणारा सेन्सर तेव्हाच आला. १९८४ साली कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं आणि ताकद २०० झाली. १९८६ साली दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला, तेव्हा २३५. १९८७ साली २४५. इंजिनाचा आकार तोच. तिकडे स्वीडनमध्ये साबने १९७७ साली छोटा टर्बो आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की धूर बाहेर सोडणारी वेस्टगेट झडप अशी जोडी दाखवली, आणि पुढे नॉकिंगवरून दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली.

या सगळ्यात क्रम बघा. आधी राखणदार आला, मग ताकद वाढली. जुन्या गाडीची ताकद वाढवताना बहुतेक जण नेमकं उलटं करतात. वेस्टगेटच्या नळीत एक स्वस्त झडप बसवली की दाब वाढतो, गाडी उडी मारते, आणि काही महिन्यांनी हेड गॅस्केट जातं. म्हणून शहाणा माणूस आधी कॉम्प्रेशन तपासतो, हवेच्या गळत्या बंद करतो, जुने रबरी पाइप बदलतो. मग दाबाचा मीटर आणि हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा मीटर लावतो. पूर्ण दाबाला एक भाग पेट्रोलला साधारण साडेअकरा ते बारा भाग हवा असावी. हवा त्याहून फार जास्त झाली की आतलं तापमान चढतं. पंप आणि इंजेक्टर तेवढं पेट्रोल देऊ शकतात ना, इंटरकूलर पुरेसा आहे ना, ब्रेक धड आहेत ना, हे बघून शेवटी दाब थोडा थोडा वाढवायचा.

चँडलरचा उन्हाळा यात परीक्षकच आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता. जानेवारीत गोड चालणारी गाडी जुलैत नॉक करू शकते, म्हणून हिशोब जुलैचा धरावा. इथलं चढं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असतं, पण हे आकडे भारतातल्या आकड्यांशी ताडू नयेत, मोजायची पद्धत वेगळी आहे. इथलं ९१ म्हणजे तिकडचं साधारण ९५. शिवाय १९६७ आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांना या भागात धुराची तपासणी लागते, त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं बेकायदेशीर तर आहेच, लपणंही कठीण.

हे सगळं तिकडच्या वाचकाला कशाला? तर २०१३ साली चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी आता आपल्याकडची जुनी टर्बो पेट्रोल गाडी झाली आहे, आणि तिची ताकद कॉम्प्युटरमधून वाढवून देणारे पुष्कळ आहेत. तिच्यात इंटरकूलर आहे, नॉक सेन्सर आहे, राखणदार सगळे हजर आहेत. पण तिचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुमारे २५० न्यूटन-मीटर जोरासाठी बनवलेला आहे; मूळ इंजिन देतं १७५. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना आडवं येतं. आपल्या भाच्या-पुतण्याने असा बेत सांगितला, तर त्याला किती हॉर्सपॉवर वाढणार हे विचारण्याआधी विचारा: गिअरबॉक्सचं काय, इन्शुरन्सचं काय, आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात कुणी चालवून बघितलंय का?