नकाशावरची रेघ आणि माणसांची वस्ती

श्रोतेहो, तुमच्या गावच्या शाळेत आफ्रिकेचा नकाशा असेल तर तो डोळ्यांसमोर आणा. पूर्व किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या थोडे खाली, मोंबासा हे बंदर आहे. तेथे बोट ठेवा आणि वायव्येकडे सरकवा. आधी नैरोबी लागते, मग नाकुरू आणि शेवटी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू. केनियातली ही मोठी शहरे एका दोऱ्यात ओवल्यासारखी आहेत. असे का बरे? नदीकाठी गावे वसतात हे आपण जाणतो. पण येथे तशी नदी नाही. येथे आहे आगगाडीचा रूळ. तो कोणी आणि कशासाठी घातला, हे समजल्यावाचून या देशाचा भूगोल उमजत नाही. आज तीच हकिगत ऐकू या.

१८८४-८५ साली बर्लिनमध्ये युरोपातील सत्तांची परिषद भरली आणि आफ्रिकेच्या वाटणीला जोर चढला. १८८६ मध्ये इंग्रज व जर्मन यांनी किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे एक रेघ ओढली. किलिमांजारो पर्वतापाशी तिला तेवढा बाक दिला. एरवी रेघ सरळ. आजची केनिया व टांझानिया यांची सरहद्द मुख्यतः तीच. तिच्या दोन्ही बाजूंना मसाई लोक गुरे चारीत होते. त्यांना कोणी विचारले नाही.

नाईलचा उगम आणि युगांडा आपल्या हाती राहावा, अशी इंग्रजांची इच्छा होती. त्यासाठी १८९६ साली मोंबासाहून रेल्वेचे काम सुरू झाले आणि डिसेंबर १९०१ मध्ये रूळ सरोवराला पोहोचला. सुमारे ५८० मैलांचा हा मार्ग, खर्च ५० लक्ष पौंडांहून अधिक. आणि राबले कोण? आपल्याच देशातून, विशेषतः पंजाबातून, करारावर नेलेले सुमारे ३२,००० मजूर. त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मेले. म्हणजे मैलामागे चार माणसे! त्सावो नदीच्या पुलावर १८९८ साली सिंहांनी माणसे उचलून नेली, ती गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. पण सिंहांपेक्षा ताप, हगवण आणि अपघात यांनीच अधिक बळी घेतले. बहुतेक मजूर मायदेशी परतले. सहा-सात हजार तेथेच राहिले. त्यांच्यामागून गुजरात-कच्छचे व्यापारी आले आणि ठाण्याठाण्यावर दुकाने निघाली. तिथल्या स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’ आणि मोटारीला ‘गारी’ म्हणतात. १९२० पर्यंत तेथे रुपयाचे नाणे चालत होते.

आता नैरोबीचे बघा. १८९९ साली रूळ तेथे पोहोचला तेव्हा शहर कसले, ती मसाईंची गुरे पाण्यावर आणण्याची जागा होती. नावाचा अर्थही ‘थंड पाणी’ असाच. पुढे मोठा चढ लागणार, म्हणून त्याआधीच्या सपाटीवर रेल्वेने आपला डेपो आणि कारखाना उभारला. काही वर्षांतच मोंबासाची राजधानी तेथे हलली. शहर वाढले ते रंगाप्रमाणे वाटून : पश्चिमेच्या उंच, हवेशीर टेकड्यांवर गोरे, बाजारपेठेत व तिच्या आसपास हिंदी लोक आणि पूर्वेच्या सखल भागात आफ्रिकन कामकरी.

पण रेल्वे बांधली म्हणजे झाले असे नव्हे, ती चालवायला मालही हवा. वाटेवर कोरडा माळ, माल फारसा नाही. तेव्हा सरकारने ठरवले की, नैरोबीच्या आसपासच्या आणि पश्चिमेकडच्या थंड, सुपीक पठारावर गोरे शेतकरी आणून वसवावेत. ती जमीन ‘रिकामी’ आहे, असे सांगण्यात आले. श्रोतेहो, ही ‘रिकामी’ जमीन कशी होती ते नीट समजून घ्या. १८९० नंतरच्या दहा वर्षांत तेथे गुरांचा बुळकांड्या, मग देवी आणि अवर्षण अशी संकटे एकामागून एक आली. मसाईंची गुरे मेली, किकुयू शेतकरी मेले, उरलेले नातेवाइकांकडे आसऱ्याला गेले. आपल्याकडे दुष्काळात माणूस घराला कुलूप लावून जगायला जातो, म्हणून त्याची जमीन बेवारस होते काय? तेथे मात्र तसेच धरले गेले. मसाईंना १९०४ च्या कराराने रेल्वेजवळची कुरणे सोडून दोन राखीव प्रदेशांत जावे लागले. त्यांपैकी उत्तरेचा लायकिपियाचा प्रदेश कायमचा त्यांचा, असे वचन दिले होते. ते १९११ मध्ये मोडले. मसाई न्यायालयात गेले, पण त्यांचा दावा फेटाळला गेला. १९१५ च्या कायद्याने गोऱ्यांना ९९९ वर्षांचे पट्टे मिळू लागले. हिंदी माणसालाही या पठारावर जमीन देत नसत.

जमीन मिळाली, मग राबायला माणसे हवीत. त्याची युक्ती फार साधी होती. प्रत्येक झोपडीवर कर बसवला, आणि तो भरायचा रोख. पैसा कुठे मिळणार? गोऱ्यांच्या मळ्यावर. शिवाय कॉफीसारखे पैशाचे पीक आफ्रिकन शेतकऱ्याला बराच काळ जवळजवळ बंदच होते. १९२० च्या सुमारास प्रौढ आफ्रिकन पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा परवाना धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून फिरावे लागे. राखीव प्रदेशात दाटी आणि पठारावर ऐसपैस मळे, अशी वस्तीची घडी बसली. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९६२ च्या शिरगणतीत, एकूण लोकसंख्या सुमारे ८६ लक्ष होती आणि गोरे होते सुमारे ५६,०००.

या घडीतूनच वणवा पेटला. माऊ माऊ उठावामुळे ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. पुढे दहा लाखांहून अधिक लोकांना विखुरलेली घरे सोडून पहाऱ्याच्या वस्त्यांत राहावे लागले. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. मळ्यांची खरेदी-विक्री झाली, निरनिराळ्या जमातींची कुटुंबे पठारावर वसली. पण पूर्वी ज्यांची कुरणे होती, त्यांना ती परत मिळाली असे सर्वत्र झाले नाही. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, हजाराहून अधिक माणसे मेली आणि लाखो बेघर झाली. तंटा निकालावरून पेटला हे खरे; पण या पठाराच्या भागात त्याला जमिनीच्या जुन्या दुखण्याने सरपण पुरवले. २०१७ मध्ये मोंबासा ते नैरोबी नवी रेल्वे सुरू झाली, तीही बव्हंशी जुन्या रुळांच्या सोबतीनेच धावते. सत्ता गेली, पण तिने घालून दिलेली वाट सुटली नाही.

गुरुजी आणि बाई, तुमच्यापाशी एक मागणे आहे. वर्गात नकाशा लावाल तेव्हा डोंगर, नदी, पाऊस हे जरूर शिकवा. पण मुलांना एवढेही विचारायला शिकवा : ही रेघ कोणी ओढली? तिच्या आधी येथे कोण राहत होते? ते लोक आता कुठे आहेत? निसर्गाने केलेले बदलत नाही, ते सोसावे लागते. पण माणसाने केलेले तपासता येते, आणि जमल्यास सुधारताही येते. हा फरक मुलाला कळला, म्हणजे भूगोलाचा तास सार्थकी लागला असे समजावे.