मेव्हनची प्लगिन रचना
मेव्हनची प्लगिन रचना : अपाची मेव्हन या जावा प्रकल्पांच्या बांधणी-साधनाची विस्तारक्षम मांडणी. मेव्हनचा गाभा मुद्दाम लहान ठेवलेला आहे. तो प्रकल्पाची पॉम फाइल (प्रकल्पाचे वर्णन असलेली फाइल) वाचतो, लागणारी प्लगिन रिपॉझिटरीतून उतरवून घेतो आणि कामांचा क्रम ठरवतो. संकलन, चाचणी, जार फाइल तयार करणे ही प्रत्यक्ष कामे प्लगिनच करतात.

मेव्हन १ मधील प्लगिन प्रामुख्याने जेली या पटकथा-भाषेत लिहिली जात. २००५ मधील मेव्हन २ पासून जावातील ‘मोजो’ हा प्लगिनचा मूळ घटक झाला. एक मोजो म्हणजे एक उद्दिष्ट, म्हणजेच प्लगिनने करायचे एक ठरावीक काम. त्याची ‘एक्झिक्यूट’ ही पद्धत गाभा हाक मारून चालवतो. मोजोचे नाव, त्याची प्राचले व पूर्वनियोजित टप्पा यांची माहिती प्लगिनसोबतच्या वर्णन-फाइलीत असते.

बांधणीचे जीवनचक्र ठरावीक टप्प्यांचे असते व उद्दिष्टे त्या टप्प्यांना जोडली जातात. उदा., जार प्रकल्पात ‘टेस्ट’ टप्प्याला शुअरफायर प्लगिनचे चाचणी-उद्दिष्ट आपोआप जोडलेले असते. त्यात चाचणी फसली की पुढचे पॅकेजिंग होत नाही. प्रत्येक प्लगिनला स्वतंत्र क्लासलोडर (जावातील क्लास स्मृतीत आणणारा घटक) मिळतो. त्यामुळे दोन प्लगिनांना एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागल्या, तरी सहसा संघर्ष होत नाही.

प्लगिनची आवृत्ती पॉममध्ये न नोंदवल्यास आज झालेली बांधणी उद्या तशीच होईल याची खात्री राहत नाही. म्हणून मेव्हन ३ अशा वेळी इशारा देतो.