शिमग्याची बोट

दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या अंजनवेलची म्हातारी माणसं शिमग्याची गोष्ट सांगायला बसली की पालखी फार उशिरा यायची. आधी यायची आगबोट. आजोबा लालबागला गिरणीत होते, गावकीच्या खोलीत राहायचे. फाल्गुन लागला की खोलीत एकच विषय: रजा कोणाला मिळाली, कोणाची कापली. मग भाऊचा धक्का, डेकवर वळकटी, हर्णै मागे पडलं की दाभोळ. बोट खोल पाण्यात थांबायची, माणसं पडावात उतरायची. खाडीच्या तोंडाशी उजव्या हाताला गोपाळगड किल्ला दिसला की डेकवरच शिमग्याच्या फाका सुरू.

गणपतीचा प्रवास या गोष्टींत जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात दर्या खवळलेला, बोटी बंद. आणि तेव्हा रस्ते होते कुठे धड? फाल्गुनात पाणी निवळ असायचं. गिरणीतल्या माणसाला घर गाठून देणारा सण म्हणजे शिमगाच.

किल्ला आजोबांच्या लेखी 'तुळाजीचा'. १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला आणि गोपाळगड नाव दिलं, पुढे पेशव्यांकडे, १८१८ ला इंग्रजांकडे गेला. आजोबांची गोष्ट तुळाजीपाशीच संपायची.

आजीचा शिमगा वेगळा. हल्ली 'एकोप्याचा सण' असं छापून येतं. आजीच्या आठवणीत भांडणंच जास्त: पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोणाचा, गाऱ्हाण्यात कोणाचं नाव राहिलं. मला आजीचं खरं वाटतं. मानासाठी माणूस भांडतो तिथेच त्याचं गाव असतं. आमच्या माणसांनी गणपती मुंबईत बसवला, पण गावचा शिमगा नेता आला नाही. देवाची रूपं लावलेली पालखी घरोघर फिरणार ती गावातच, आणि तिची ओटी भरायला घर उघडं हवं. वर्षभर कुलूप असलेली घरंसुद्धा म्हणूनच फाल्गुनात सारवली जायची.

१९९२ नंतर एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प आला. नाव दाभोळचं, जमीन खाडीच्या अलीकडची, आमच्या बाजूची. विरोध, मोर्चे, अटका झाल्या. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंदही पडला. त्या वर्षांत भावाभावांत बोलणं नव्हतं, असं आत्या सांगते. पण पालखी दोघांच्याही अंगणात नाचायची आणि ती आली की दोघांनाही हात जोडून उभं राहावं लागायचं, जरी तोंडं फिरवलेली असली तरी.

बोटी केव्हाच बंद झाल्या. आता चाकरमानी एस.टी.ने येतो, नाहीतर कोकण रेल्वेने चिपळूणला उतरतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीसकट खाडी ओलांडता येते. पडावात उतरताना ट्रंक पाण्यात गेल्याची गोष्ट सांगणारी माणसं मात्र थोडी उरली आहेत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर यंदा पालखी यायच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. भांडणंसुद्धा गाळू नका.