ग्रंथ, दप्तर आणि वहिवाट

पॅलेस्टाईनची भूमी मूळची कोणाची, ज्यूंची की मुसलमानांची, हा प्रश्न ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी मला इतक्या वेळा विचारला की त्यावर सविस्तर लिहिणे भाग पडले. हमासच्या त्या हल्ल्यात इस्रायलमधली सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतर गाझात जे घडले त्याचे आकडे दहा-दहा हजारांच्या टप्प्यांनी वाढत गेले. आणि वर्गात मुले भांडत होती ती 'आधी कोण आले' यावरून. एक गट बायबलातल्या वचनाचा दाखला देई, दुसरा खलिफा उमरचा. मला या वादाचा कंटाळा आला नाही, भीती वाटली. आधी कोण आले यावरून आज कोणी राहावे हे ठरवण्याची सवय लागली की ती परक्या देशापुरती राहत नाही. आपल्या चळवळीतही 'आम्हीच मूळचे' हा सूर अधूनमधून चढतो. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्त नाकारला होता, हे त्या वेळी कोणाला आठवत नाही.

दोन्ही दावे पोकळ नाहीत, हे प्रथम मान्य करू. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. १३५ मध्ये बार कोखबाचे बंड चिरडल्यावर हाड्रियन बादशहाने ज्यूंना त्या शहरात पाऊल ठेवण्याची बंदी केली आणि प्रांताचे नाव 'सीरिया पॅलेस्टिना' ठेवले. तरीही गॅलिलीत ज्यू राहिले. त्यांच्या धर्मशास्त्राचा पाया असलेला मिश्ना हा ग्रंथ तिथेच सन २०० च्या सुमारास सिद्ध झाला. ६३८ च्या सुमारास उमरच्या फौजांनी जेरुसलेम घेतले, त्यानंतर ज्यूंना तिथे पुन्हा राहता येऊ लागले. पुढे १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी शहरात कत्तल केली ती मुसलमान आणि ज्यू दोघांचीही. मुसलमानांची त्या देशातली वस्तीही अशी तेरा-चौदाशे वर्षांची. तेराशे वर्षे राहिलेल्याला उपरा म्हणायचे असेल तर पृथ्वीवर मूळचा माणूस शोधून काढावा लागेल.

पण या सहवासाला गोड रंग देण्याचीही गरज नाही. हेब्रॉन शहरात, ज्याला अरब अल-खलील म्हणतात, अब्राहामची म्हणजेच इब्राहिमची कबर मानली जाते. तो दोघांचाही आद्यपुरुष. तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्सने तिथे ज्यूंना आत जायला मनाई केली. पुढे शतकानुशतके ज्यूंनी बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच चढायचे, असा दंडक होता. १९६७ च्या युद्धापर्यंत तो चालला. पायरी म्हणजे काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. त्याच शहरात १९२९ च्या दंगलीत ६७ ज्यू मारले गेले, आणि अनेक ज्यू वाचले ते अरब शेजाऱ्यांनी घरात लपवल्यामुळे. त्याच वास्तूत २५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घातल्या. ग्रंथातली जमीन अशी असते. तिच्यावर दोघांचाही बाप पुरलेला आहे.

गंमत अशी की, पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले बेन गुरियन आणि पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष झालेले बेन झ्वी, या दोघांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये यिद्दिश भाषेत एक पुस्तक काढले. पॅलेस्टाईनचा अरब शेतकरी, ज्याला तिथे फल्लाह म्हणतात, तो बहुतांशी प्राचीन ज्यू शेतकऱ्यांचाच वंशज आहे, असे त्यांनी त्यात मांडले होते. धर्म बदलला, भाषा बदलली, माणूस मातीला धरून राहिला, असा त्यांचा तर्क. तो खरा की खोटा, या वादात मी पडत नाही. पण ज्या चळवळीच्या पुढाऱ्यांनी हे लिहिले त्याच चळवळीच्या खरेदीखतांनी या फल्लाहला जमिनीवरून उठवले. वंशाचा पुरावा मिळूनही त्याला त्याचा उपयोग झाला नाही.

आता त्या फल्लाहकडे वळतो. माझे आजोबा कुलाबा जिल्ह्यात खोताचे कूळ होते. त्यामुळे कोणत्याही देशाचा इतिहास वाचताना नांगर कोणाच्या हातात होता आणि नाव कोणाचे लागले होते, हे मी आधी पाहतो. ही माझी खोड समजा.

१८५८ साली तुर्की सुलतानाच्या सरकारने जमिनीचा कायदा केला. तोवर पॅलेस्टाईनच्या बऱ्याच गावांत 'मुशा' पद्धत होती. शिवार सगळ्या गावाचे, आणि ठरावीक वर्षांनी तुकड्यांची फेरवाटणी होई, म्हणजे चांगली जमीन एकाच घरात अडकून राहत नसे. सरकारला मात्र करासाठी एकेका खातेदाराचे नाव हवे होते. शेतकऱ्याच्या मनात दोन धास्ती. नाव लागले की सारा वाढणार आणि पोराला फौजेत ओढून नेणार. म्हणून कित्येकांनी नोंद केलीच नाही, किंवा गावच्या शेखाच्या, शहरातल्या बड्या आसामीच्या नावावर करू दिली. कसणारा तोच, वहिवाट त्याचीच, फक्त दप्तरात नाव दुसऱ्याचे. त्याला वाटले, कागदाने काय होते?

कागदाने काय होते ते मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यात दिसले. बायबलमध्ये हेच जेझरीलचे खोरे. १८७० च्या दशकात या खोऱ्यातली गावेच्या गावे सरकारकडून बैरूतच्या सुरसोक घराण्याने विकत घेतली. हे सुरसोक मुसलमान नव्हेत, ख्रिस्ती सावकार-व्यापारी होते. 'ज्यू विरुद्ध मुसलमान' ही मांडणी इथेच अपुरी पडते. जमीनदार बैरूतला, कुळे खोऱ्यात, अशी ही व्यवस्था चालली. १९१० च्या सुमारास इलियास सुरसोकने फुला गावची दहा हजार दुनमच्या आसपास जमीन ज्यू राष्ट्रीय निधीसाठी विकायला काढली. (दुनम म्हणजे साधारण पाव एकर.) १९०१ साली स्थापन झालेल्या या निधीचा नियमच असा होता की विकत घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ती ज्यू जनतेची कायमची मालमत्ता, आणि तिच्यावर राबणारे हातही ज्यूच हवेत. म्हणजे मालक बदलला तरी कूळ राहते, ही आजवरची रीत इथे संपली. नव्या मालकाला कूळच नको होते.

नासरेथचा तुर्की अंमलदार शुक्री अल-असली हा दमास्कसचा अरब गृहस्थ. त्याने दस्तावर सही करायला नकार दिला. वृत्तपत्रात त्याने या विक्रीविरुद्ध पत्र लिहिले. खाली नाव घातले 'सलाहुद्दीन'. कारण फुल्यात धर्मयोद्ध्यांच्या किल्ल्याचे अवशेष होते आणि तो किल्ला ११८७ साली सलाहुद्दीनने जिंकला होता! कुळांसाठी उभ्या राहिलेल्या या एका माणसालाही सातशे वर्षांपूर्वीचा सुलतान मदतीला बोलवावा लागला. शेतकऱ्याने मागच्या हंगामात तिथे गहू पेरला होता, हा पुरावा त्यालाही पुरेसा वाटला नाही. बैरूतच्या सुभेदाराने अखेर विक्री मान्य केली, कुळे उठली आणि १९११ मध्ये तिथे मर्हाविया ही ज्यू वसाहत उभी राहिली.

ब्रिटिश अंमलात, १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत, सुरसोकांनी खोऱ्यातली बहुतेक जमीन विकली. किती कुटुंबे उठली याचा वाद पुढे ब्रिटिश चौकशी समित्यांपुढे गेला, आणि दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या जवळपासही आले नाहीत. १९२० चा कायदा म्हणत होता की कुळाला पोटापुरती जमीन राखून ठेवा. पण विकत घेणाऱ्याला मोकळी जमीन हवी होती आणि कुळाच्या डोक्यावर कर्ज होते. थोडी रोख रक्कम हातावर ठेवली की तो उठून जाई. कूळकायदा येणार म्हणताच खोतांनी आणि सावकारांनी कुळांकडून राजीनामे कसे लिहून घेतले, हे ज्यांनी घरात ऐकले आहे त्यांना हे समजायला जड जाणार नाही. आणि दूरचे सुरसोकच फक्त विकत होते असेही नाही. देशातली काही बडी मुसलमान घराणी दिवसा सभेत विक्रीला विरोध करीत आणि मागच्या दाराने दस्त करीत. पॅलेस्टिनी इतिहासलेखकांनीही हे लपवलेले नाही.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीस सरकारने 'भूमिहीन अरबांची' मोजदाद केली. व्याख्या अशी की, ज्याची कसती जमीन ज्यूंच्या हाती गेली आणि ज्याला दुसरी जमीन वा दुसरा बरा धंदा मिळाला नाही, तोच भूमिहीन. अर्ज आले ३,२७१. मंजूर झाले ६६४. शहरात हमाली मिळालेला माणूस या व्याख्येतून सहज गळत होता. हैफा बंदराच्या पत्र्याच्या झोपड्यांत हीच माणसे राहत होती. त्यांच्यातच शेख इज्जुद्दीन अल-कस्साम प्रवचने देत हिंडला. नोव्हेंबर १९३५ मध्ये तो ब्रिटिश पोलिसांच्या गोळीने मेला आणि पुढच्याच वर्षी देशभर बंड पेटले. त्या बंडाला नाव धर्माचे मिळाले. दाणागोटा भूमिहीनांनी पुरवला.

यानंतरचा इतिहास वाचकांना साधारण ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. युरोपात हिटलरने साठ लाख ज्यू मारले. वाचलेल्यांना कोणी दार उघडीना. त्यांना कुठेतरी जमीन हवी होती, आणि हे कोणत्याही ग्रंथाच्या वचनापेक्षा खरे कारण आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फाळणी ठरवली तेव्हा ज्यू लोकसंख्येचा एक तृतीयांश होते, त्यांच्या मालकीची जमीन सात टक्क्यांच्या आसपास, आणि ज्यू राज्याला दिलेला प्रदेश निम्म्याहून अधिक. युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी पळाले किंवा हाकलले गेले, चारशेहून अधिक गावे ओस पडली. १९५० साली इस्रायलने 'अनुपस्थितांच्या मालमत्तेचा' कायदा केला. घर सोडून शत्रूच्या ताब्यातल्या भागात गेलेला तो अनुपस्थित, त्याची जमीन सरकारी पालकाकडे. जे शेजारच्या गावात जाऊन राहिले आणि पुढे इस्रायलचे नागरिकही झाले, त्यांचीही जमीन गेली. त्यांना लोक 'हजर गैरहजर' म्हणू लागले. इकडे बगदादमध्ये सुमारे अडीच हजार वर्षांची वस्ती असलेल्या ज्यूंपैकी लाखाहून अधिक माणसे १९५०-५१ मध्ये देश सोडून गेली आणि मार्च १९५१ च्या कायद्याने इराक सरकारने त्यांची मालमत्ता गोठवली. इराकी ज्यूची बगदादमधली हवेली आणि फल्लाहचे शिवार यांचा हिशेब सरकारे परस्पर वळता करू पाहतात. हवेली गेली इराकी ज्यूची, तिची भरपाई फल्लाहने का द्यावी, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

आणि १८५८ चा कायदा? तुर्क गेले, कायदा राहिला. त्यात 'मवात' म्हणजे मृत जमीन असा एक वर्ग आहे. गावाच्या टोकाला उभे राहून मारलेली मोठी हाक जिथे ऐकू येत नाही, ती जमीन मृत, म्हणून सरकारची. याच कलमाच्या आधारे १९८४ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने नेगेव वाळवंटातल्या बेदुइनांचा दावा फेटाळला. बेदुइनांचे तंबू 'गाव' धरलेच नाहीत. मग हाक मारायची कुठून? १९७९ नंतर पश्चिम किनाऱ्यावर ज्यू वसाहतींसाठी जमीन घेतानाही हाच कायदा वापरला गेला. सलग काही वर्षे नांगरली नाही की ती सरकारी. बोलताना मात्र नाव घ्यायचे जुडिया आणि सामारियाचे. ग्रंथ व्यासपीठावर चालतो, दप्तर कचेरीत.

या सगळ्याशी आपल्या कोकणचा एक धागा जुळलेला आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, असे सांगणारे बेने इस्रायल आपल्याकडे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. घाण्यावर तेल गाळणारी, शनिवारी काम न करणारी, मराठी बोलणारी, गावावरून 'कर' लावणारी ही माणसे. त्यांच्यातला एक माझा वर्गमित्र १९६९ साली इस्रायलला गेला. तिथे आधी गेलेल्यांना तुम्ही पुरते ज्यू आहात का, असे विचारले जात होते. लग्नासाठी त्यांच्या कुळाची चौकशी करण्याचा फतवा धर्मगुरूंनी काढला होता, आणि यरुशलेमात धरणे धरल्यावर १९६४ साली तो मागे घ्यावा लागला. मित्राला घर मिळाले लोद गावात, सरकारी चाळीत. जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारच्या रामले या गावांतून पन्नास हजारांवर अरबांना एक-दोन दिवसांत उन्हातून हाकलले होते. हे त्याला तिथे गेल्यावर कित्येक वर्षांनी कळले. "अरे, आम्हाला कोणी सांगितलेच नाही, आणि आम्हीही विचारले नाही," असे त्याने मला लिहिले. तो वाईट माणूस नाही. त्याचा बाप घाणा चालवून थकला होता आणि त्याला पोरांसाठी पगाराची नोकरी हवी होती.

मागल्या वर्षी त्याचे पत्र आले. गावच्या वाडीत त्याच्या वडिलांची आठ-दहा नारळाची झाडे होती, त्याचा उतारा मिळेल का, असे त्याने विचारले होते. मी तलाठ्याकडे जाऊन आलो. पन्नासाहून अधिक वर्षे त्या घरातले कोणी तिथे राहिलेले नाही. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव तसेच आहे. झाडे शेजारचा कोळी पाहतो, नारळ तोच घेतो, आणि मित्र भारतात आला की दोन नारळ त्याच्या हातात ठेवतो. मी उतारा पाकिटात घालून लोदच्या पत्त्यावर पाठवून दिला.