'स्की' शब्द आणि छिद् धातु

ठाणें-कल्याण प्रांतीं हिम पडत नाहीं. तरी हिमावरून घसरत जाण्याच्या 'स्की' नामक फळ्यांचें नांव आमच्या धातुपाठास सर्वस्वीं परकें नाहीं. तें प्राचीन नॉर्स 'स्कीद्' म्हणजे फाडलेलें लांकूड यापासून निघालें. त्याचें व संस्कृत 'छिद्' धातूचें मूळ एकच. ग्रीक 'स्खिझो', लॅटिन 'स्किंदो' हेही त्याच कुळांतले.

एवढ्यावरून वैदिक पूर्वज स्कीवर फिरत, असें अनुमान कोणी काढील तर तें आम्हांस मान्य नाहीं. शब्द लांकूड फाडण्याची क्रिया सांगतो, वाहन नव्हे. वाहनाचा पुरावा निराळा: स्वीडनांत काल्वत्रेस्क येथें १९२४ सालीं सांपडलेली स्की ५००० वर्षांहून जुनी ठरली आहे. पोथीसंग्राहकांनीं हाच विवेक राखावा. शब्दसाम्य वाट दाखवितें, निर्णय वस्तु व लेखच देतात.